ताईबाईच्या हातची चिलापी

अनुपला मुलगी झाली ते हे वर्ष. मुलगी ऐन थंडीत झाली, पुण्यातल्या विहारात तिचं नामकरण झालं, आणि त्यानंतर आठवड्याभरात तिचे आजी-आजोबा, म्हणजे बारामतीचे बुद्धघोष आणि करुणा, व्हिएतनामला गेले. तिकिटं आधीच काढलेली होती. "नात आली आणि आजोबा निघाले होडीत बसायला," असं सून मोनाली हसत म्हणाली होती आणि बुद्धघोषनंही ते हसून घेतलं होतं. परत येऊन चार दिवस झाले. सकाळी कालव्याच्या कडेनं फिरताना त्याचा फोन वाजला. फोन इंदापूर तालुक्यातल्या गावाहून, थोरल्या बहिणीचा, ताईबाईचा. तो जागीच थांबला. आक्का आपणहून कधी फोन करत नसे. फोन हा यायचा असतो, करायचा नसतो, असं तिचं होतं. कुणी गेलं की काय, असं त्याच्या मनात आलं.

"बाळू, आलास व्हय रं?"

"आलो की आक्का. चारच दिवस झाले. येणार हाय तुज्याकडं."

"ये की. शकीच्या श्रेयानं फोटू दाखवला तुझा, फोनमदी. नावंत बसून जेवतुयास."

"हां, त्यो व्हय."

"ती चिलापीच न्हवं?"

शेजारून कालव्याचं पाणी भरून चाललं होतं. त्यावर एक नारळ तरंगत आला, गोल फिरला आणि पुढं गेला.

"मला काय कळत न्हाय व्हय," आक्का म्हणाली. "पाठीवरचं काटं दिसत्यात की. चिलापीच." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "गोड लागली का?"

आवाजात राग नव्हता. पाव्हण्याला मीठ बरोबर झालंय का विचारावं तसं तिनं विचारलं. तो काही बोलायच्या आत "बरं, ठिवते" म्हणाली आणि फोन बंद झाला. तो मात्र फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. पलीकडून येणाऱ्या कुणीतरी "नमस्कार साहेब" केलं, त्याला त्यानं मान हलवली. मग बाकावर बसला.

गोड लागली होती. हेच तर खरं होतं. मेकाँग नदीच्या एका फाट्यावर, लाकडी होडीतच संसार असलेल्या एका बाईनं ती त्याच्यापुढं ठेवली होती. अख्खी तळलेली, बाजूला हिरवी पानं आणि तांदळाचे पातळ पापुद्रे. ताट पुढं आलं तेव्हाच त्यानं ओळखली. तीच काळपट पाठ, तीच काटेरी कड, मेल्यावरही रागावल्यासारखं दिसणारं तेच तोंड. जग हिंडून आपण कुठं आलो, तर हिच्याच पुढं, असं त्याला वाटलं. हात क्षणभर थांबला. बाई बघत होती. तिच्या मनगटावर खवले चिकटले होते, वाळून चकाकत होते. त्यानं पान उचललं, मासा त्यात गुंडाळला आणि खाल्ला. आयुष्यातली ती त्याची पहिली चिलापी. कोवळी, नदीच्या पाण्यासारखी गोडसर. तो हसला, आणि करुणानं नेमका तेव्हाच फोटो काढला. तो तिनं अनुपला पाठवला, अनुपनं स्टेटसला लावला, आणि तिथून तो शकुबाईच्या सुनेच्या, श्रेयाच्या फोनवर गेला. शकुबाईचं घर आक्काच्या घराला लागून. कुडाच्या पलीकडून हाक मारली की झालं.

नोकरीतून सुटल्यापासून तो आणि करुणा दरवर्षी कुठंतरी जात होते. बँकेतून साहेब म्हणून तो निवृत्त झाला, करुणा शाळेतून. दोघांनाही दागिन्यांची, जमिनीची हौस नव्हती. मराठी सहल कंपनीबरोबर जायचं, कारण भाषेची अडचण येत नाही. पण या कंपन्या बरोबर स्वयंपाकी नेतात. डोंगरावर बर्फ पडत असतं आणि खाली हॉटेलच्या मागच्या अंगणात मराठी माणूस पिठलं हाटत असतो. सगळे ताटं घेऊन रांगेत उभे राहतात, आणि त्याच वेळी बुद्धघोष मागच्या दारानं बाहेर पडलेला असतो. एखादी गल्ली धरायची, जिथं त्या गावची माणसं बसून जेवतात तिथं जाऊन बसायचं, समोर येईल ते खायचं. जॉर्जियात एका म्हातारीनं जमिनीतल्या भट्टीच्या भिंतीला भाकरीसारखी रोटी थापलेली त्यानं बघितली आणि वाकून बघताना त्याच्या भुवया करपल्या. श्रीलंकेत एका घरी त्याला केळीच्या पानावर ओल्या नारळाची चटणी वाढली, ती इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं, आणि घरातली पोरं टाळ्या पिटत हसली. सांगवीचे ऊसवाले दादासाहेब दोन सहलींना बरोबर होते. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बांधून आणणारा माणूस. बुद्धघोष परत आला की ते मोठ्यानं विचारायचे, "या सायेब. आज काय खाल्लं? पाय व्हते का त्याला? किती व्हते?" सगळी बस हसायची. तोही हसायचा. कुणाच्या हातचं परत पाठवायचं नाही, एवढा एकच नियम तो पाळतो, हे त्यानं कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. खाऊन झालं की तो वाटाड्याला मध्ये घालून त्या बाईला एकच प्रश्न विचारायचा. हे तुम्हाला कुणी शिकवलं? बाई कुठलीही असो, हातातलं काम थांबवून ती सांगायची, आईनं. आणि मग आईचं पुढचं सगळं सांगायची. कुठं जन्मली, कुठल्या गावाहून आली, कुठं पुरली. तो ऐकत राहायचा. करुणा म्हणायची, तुम्ही जेवायला जाता की रडायला?

नियम आला होता तो चहाच्या एका कपातून. जुनं गाव तेव्हा पाण्याखाली गेलेलं नव्हतं. तो तिसरीत असेल. शाळेचे एक वरचे साहेब गावात आले होते आणि मास्तरांनी कौतुकानं त्यांना हुशार पोराच्या घरी आणलं. धर्मांतर होऊन वर्षं झाली होती, भिंतीवर तसबीर होती, आईनं अंगण सारवलं होतं. तिनं कुणाकडून तरी कप-बशी मागून आणली आणि चहा केला. साहेबांनी कप घेतला, तोंडभर बोलले, पोराच्या पाठीवर थाप मारली, आणि बोलता बोलता कप कट्ट्यावर ठेवला. तो तिथंच राहिला. ते गेल्यावर आई बराच वेळ कपाकडं बघत उभी होती. चहावर साय धरली होती, तिला सुरकुत्या पडल्या होत्या. मग आईनं कप उचलला आणि तो थंड चहा सायीसकट उभ्या उभ्या पिऊन टाकला. साखर वाया जाऊ नये म्हणून प्याली असेल. बुद्धघोषला मात्र आजही वाटतं की कुणी बघू नये म्हणून प्याली. पुढं जगातल्या कुठल्याही गल्लीत कुणी ताट पुढं केलं की त्याला ती साय दिसायची, आणि तो हात पुढं करायचा.

एका हाताचं सोडून. आक्काच्या.

ताईबाई त्याच्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी. ती धर्मांतराच्या आधीची म्हणून ताईबाई, तो नंतरचा म्हणून बुद्धघोष. ते नाव घरात कुणाच्या जिभेला वळायचं नाही, म्हणून बाळू. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली. आई गेली सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात, तिला नदीच्या कडेला, आपल्या लोकांच्या जागेत पुरली. वडील गंगाराम तिच्यामागोमाग वर्षभरात थोरल्या काकांच्या गावी गेले आणि तिकडंच संपले. मग धरण भरू लागलं. गाव उठलं, वरच्या माळावर नव्या गावठाणात बसलं. बुद्धघोष तेव्हा पुण्यात वसतिगृहात होता आणि त्याची परीक्षा होती. परीक्षा संपवून आला तोवर जुन्या गावावर पाणी चढलं होतं, नुसते चिंचेचे शेंडे वर दिसत होते. पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं तेव्हा तो एकटाच खाली उतरला. चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. मोडक्या भिंतींवरून, विहिरीच्या कडेवरून अंदाज घेत तो आईच्या जागेपाशी गेला. तिथं खड्डा होता. उघडा, आई झोपली होती तेवढाच लांब, त्यात गुडघाभर गढूळ पाणी. आणि त्या पाण्यात मासे तडफडत होते. काळपट पाठीचे, काटेरी. पाणी उतरलं तसे मागं राहिलेले. पाण्यानं आईला उकरून काढलं, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. माशांची तोंडं उघडमीट होत होती. तो तसाच परत फिरला आणि त्यानं हे कुणालाही सांगितलं नाही.

त्याच सुमाराला आक्का मासे विकायला लागली होती. बाहेरून आणून सोडलेली ही चिलापी धरणात भसाभस वाढली, जुने मासे हटले. भोयांच्या होड्या पहाटे कडेला लागायच्या, आक्का पाटी भरून घ्यायची आणि इंदापूरच्या बाजारात बसायची. त्या पाटीवर त्याचं पुण्याचं शिक्षण झालं, बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आली, लग्नात करुणाला नेसवलेली साडी आली. सुट्टीत पहिल्यांदा ती त्याच्यासाठी हौसेनं चिलापीचा रस्सा करायला बसली. राखेनं खवले काढले, अंगाला चिरा दिल्या, काळा मसाला, भाजलेलं खोबरं. ताट पुढं आलं. त्यानं बघितलं आणि हात मागं घेतला. "मला मासा सोसत न्हाय आक्का," तो म्हणाला. "आंगावर पित्त उठतं." ती म्हणाली, "आगं बया, आधी सांगाया नगं?" आणि त्याच्या ताटातला मासा तिनं आपल्या ताटात घेतला आणि खाल्ला. तेव्हापासून तो येणार म्हटलं की ती अंडी आणून ठेवायची. बाळूला मासा सोसत नाही, हे तिनं अख्ख्या गावाला सांगितलं होतं. इतकी वर्षं ती ते सांगत आली होती.

आणि आता तिनं त्याला दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या बाईच्या हातचा, तोच मासा हसत खाताना बघितलं होतं.

घरी आल्यावर त्यानं करुणाला सगळं सांगितलं. खड्ड्याचंसुद्धा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि हे तो पहिल्यांदा बोलत होता. करुणा भाजी निवडत होती, ती तशीच राहिली.

"मग सांगा की त्यांना," शेवटी ती म्हणाली.

"काय सांगू? तू जन्मभर जे खाल्लंस, विकलंस, ज्यावर मला शिकवलंस, ते आईच्या अंगावर वाढलेलं आहे, असं सांगू? तिच्या तोंडात घास जाईल का पुन्हा?"

"आणि नाही सांगितलंत तर त्या काय समजतील?"

"जे समजायचं ते समजली ती. माझ्या हातचं भावाला चालत नाही, हेच समजली असेल."

"मग?"

मग काय, हे त्यालाही माहीत नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत तो दिवस ढकलत राहिला. रात्री अंथरुणावर पडला की साय धरलेला कप दिसायचा, आणि कपाच्या मागं आईच्या ऐवजी आक्का उभी असायची. एकदा वाटलं, जाऊन नुसतं मुकाट्यानं खाऊन यावं. पण मग इतकी वर्षं का नाही, असं ती विचारेल. खोटं बोलावं, तर आक्काला खोटं कळतं. दिवसा तो कालव्याकडं फिरायला जाईनासा झाला. मंडईत मासळीच्या कोपऱ्याकडं पाय वळायचे आणि तो मागं फिरायचा. नातीला बघायला पुण्याला गेला तेव्हा तिला मांडीवर घेऊन बसला असताना मोनाली म्हणाली, "बाबा, हिला काय काय खायला घालणार आहात जगातलं?" आणि त्याला एकदम उठून जावंसं वाटलं.

होळीच्या आठवडाभर आधी तो गेला. एसटीनं इंदापूर, तिथून वडाप जीप. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि धरण तळाला गेलं होतं. जुनं गाव पुरतं उघडं पडलं होतं. जीपमधून उतरल्यावर तो आक्काच्या घरी न जाता आधी तसाच खाली उतरला. शहरातली पोरं-पोरी मोटारी घेऊन आली होती, पडक्या देवळाच्या दगडांवर बसून फोटो काढत होती. एकजण ड्रोन उडवत होता. बुद्धघोष त्यांच्यामधून चालत नदीच्या कडेला गेला. विहिरीची कड सापडली. तिथून अंदाजानं आईची जागा. आता खड्डाही नव्हता. गाळ भरून सपाट झाला होता आणि त्यावर भेगा पडल्या होत्या. एका भेगेत वाळलेल्या माशाचा सांगाडा उभा रुतला होता. तो तिथं उन्हात किती वेळ उभा राहिला ते त्याला कळलं नाही. वर बघितलं तर माळाच्या कडेला, घराच्या मागच्या बाजूला, डोळ्यांवर हात धरून आक्का त्याच्याकडं बघत होती.

घरात शकुबाई येऊन बसलेली होती. शकुबाई पाटलांच्या भावकीतली, जुन्या गावापासूनची आक्काची मैत्रीण. दोघी आता म्हाताऱ्या, दोघींचे गुडघे गेलेले. "आलं बगा परदेशी पाव्हणं," ती म्हणाली. "काय आणलंय आमाला?" त्यानं व्हिएतनामची ताडाच्या पानांची टोकदार टोपी पिशवीतून काढली. शकुबाईनं ती तिथंच डोक्यावर चढवली. "ह्ये बेस झालं. आता हीच घालून खुरपाया जाती. समदं म्हनतील, चिनी बाई कामाला लावली." स्वतःच खो खो हसली. आक्का हसली नाही. ती चुलीपाशी होती. दोन ताटं झाली. एका ताटात अंड्याची आमटी, एका ताटात चिलापीचा रस्सा. अंड्याचं ताट तिनं त्याच्यापुढं सरकवलं.

"आक्का, मासा वाढ की मला बी."

"तुला कशाला? सोसत न्हाय तुला."

"सोसंल आता."

"नगं बाबा. सोसत न्हाय त्ये खाऊ न्हाय मानसानं. वाटंत तरास झाला तर करुणाबाई मला बोलतील."

"आगं दे की गं त्येला," शकुबाई म्हणाली. "तितं खाल्ला न्हवं का नावंत बसून."

"तितलं तितं," आक्का म्हणाली. "तितल्या बायकांचं हात साफ असत्याल."

शकुबाईचा घास हातातच राहिला. टोपी अजून डोक्यावर होती, ती तिनं हळूच काढून बाजूला ठेवली. बुद्धघोषला वाटलं आपल्या कानशिलावर कुणीतरी गरम उलथनं टेकवलं. "आक्का, तसं न्हाय गं," तो म्हणाला.

"मग कसं?"

तिनं खरंच विचारलं. हातातली पळी भांड्यावर टेकवून ती त्याच्याकडं बघत राहिली. म्हाताऱ्या डोळ्यांच्या कडांना ओल होती. एवढा वेळ तिनं त्याला पुन्हा कधी दिला नसता. त्याच्या तोंडात वाक्य तयार होतं. पण समोर शकुबाईच्या ताटात मासा होता, अर्धा खाल्लेला, तिच्या बोटांना रस्सा लागलेला. आक्काच्या मनगटावर खवले चिकटलेले होते, दुसऱ्या नदीवरच्या त्या बाईच्या मनगटावर होते तसेच. मागच्या दारातून खाली उघडं पडलेलं गाव दिसत होतं. तो एक वाक्य बोलला असता आणि या दोन बायकांच्या घशातला घास तिथंच अडकला असता, आजचा आणि मागचे सगळे. "पित्ताचंच हाय," तो म्हणाला. "तितं गोळी घिऊन खाल्लं."

"व्हय," आक्का म्हणाली आणि पळी उचलली. "गोळ्या निगाल्यात आता."

त्यानं अंड्याची आमटी खाल्ली. तिनं मासा घेतला नाही, आमटीही घेतली नाही. जेवण झाल्यावर भांडी गोळा करताना तिनं विचारलं, "मगाशी खाली काय बघत व्हतास?"

"कायनाय. जुनं गाव."

"काय ऱ्हायलंय तितं," ती म्हणाली. "समदं वर आणलं आपुन." आणि तिनं मागच्या दाराकडं, माळाच्या टोकाला असलेल्या कडुलिंबाकडं बघितलं. त्यानंही बघितलं. लिंबाखाली काही दगड होते, एक कुत्रं पडलं होतं. त्यानं मान हलवली. घरं, गोठ्यांची लाकडं, दारांच्या चौकटी खरंच वर आणल्या होत्या लोकांनी. तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली. दरवेळी ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. या वेळी तिचे हात पदराखाली होते.

बारामतीला आल्यावर त्यानं करुणाला सांगितलं की जमलं नाही. करुणा म्हणाली, "पुढच्या वेळी मी येते बरोबर. मी सांगते." एप्रिलात जयंती झाली, मिरवणूक झाली, त्यातही तो असून नसल्यासारखा होता. पुढच्या वर्षीची सहल ठरवायला कंपनीच्या माणसाचा फोन आला, तो त्यानं उचलला नाही. मग बुधवारी सकाळी श्रेयाचा फोन आला. रडत होती. ताईबाई आज्जी उठल्याच न्हाईत, म्हणाली.

अनुप पुण्याहून थेट आला. पोरं-माणसं जमली. आक्काला आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं, तिच्या मनगटावर एक खवला राहिला होता तो करुणानं नखानं काढला. तिरडी माळाच्या टोकाला, लिंबाच्या दिशेनं निघाली. इथं आपल्या लोकांची जागा आहे हे बुद्धघोषला ऐकून माहीत होतं, पण तो कधी इकडं आला नव्हता. त्याच्या लेखी त्याची माणसं खाली होती, पाण्यात. दोघं जण कुदळीनं खणत होते. शकुबाई काठी टेकत आली आणि तिनं काठी पुढं करून त्यांना अडवलं.

"आरं जरा अलीकडं घ्या. तितं म्हातारी हाय."

"कोण म्हातारी?" बुद्धघोषनं विचारलं.

"कोण म्हंजी? तुमची आय."

त्याला वाटलं तिचं वयच झालंय. पण काठीच्या टोकाशी एक दगड होता, अर्धा मातीत गेलेला, वर चुना फासलेला. चुना ताजा होता. शकुबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. "पानी येनार म्हणून दवंडी झाली न्हवं का. तुमी पुण्याला, तुमची परीक्षा. ताई म्हणली, बाळूला कळवू नगं, त्यो पेपर टाकून यील. आमी दोगीच गेलो. म्या पाटी धरली, तिनं उकारलं. माझ्या सासूला कळतं तर मला घरात घेतली नसती. हाडं व्हती आन पायातलं एक जोडवं. लुगड्यात बांदून वर आणली आन हितं ठिवली. तिला बुद्धवंदना येत व्हती तेवढी म्हणली. खाली खड्डा तसाच ऱ्हायला, बुजवाया वकुत कुठला, पानी आलंच."

"मला कधी बोलली नाही," तो म्हणाला.

"तुमी इचारलं व्हय कधी?" शकुबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "तिला वाटायचं, तुमाला ठावं हाय. दर बारीला येता आन हिकडं फिरकत न्हाय, मग म्हनायची, जाऊ दे शके, बाळूला जुनं काय नगंसं झालंय. मासा बी त्यातलाच."

खणणारे थांबले होते. अनुपनं त्याचा दंड धरला. बुद्धघोषच्या डोळ्यांपुढं तो खड्डा आला, आई झोपली होती तेवढाच लांब, सरळ कडांचा. पाणी असं सरळ खणत नाही, हे त्याला तेव्हाही दिसलं असणार. तो वाकला आणि चुन्याच्या दगडावर हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता. "अलीकडं घ्या," तो खणणाऱ्यांना म्हणाला.

माती देऊन सगळे घरी आले. त्या दिवशी घरची चूल पेटवायची नसते. शेजाऱ्यांनी कडू घास आणायचा असतो. शकुबाईच्या घरून टोपल्यातून भाकरी आणि पिठलं आलं. जुन्या गावात या घरी त्या घरचं अन्न कधी आलं नव्हतं, आणि या घरचं त्या घरी कधी गेलं नव्हतं. श्रेयानं सगळ्यांना वाढलं. बुद्धघोष मागच्या दारात बसला होता. चुलीपाशी मासे चिरायची आक्काची विळी भिंतीला टेकून ठेवली होती, पात्यावर राख होती.

"शकुबाई," तो म्हणाला, "मासा मिळंल का?"

"आज न्हाय चालत सायेब," ती म्हणाली. मग त्याच्याजवळ बसली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि त्याच्या हातावर ठेवला. "घ्या. खावा लागतो ह्यो."

त्यानं खाल्ला. पिठल्यात मीठ जास्त पडलं होतं.

ताईबाई सन दोन हजार चोवीसच्या एप्रिलात, जयंतीनंतरच्या बुधवारी पहाटे गेली. तिची आई सोनाबाई सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात गेली होती. दोघी लिंबाखाली शेजारी आहेत. पाणी तिथवर कधीच चढलेलं नाही.